पेनाने लिहिलेले शून्य

नवरा गेल्यानंतर बाराव्या आठवड्यात आकडेबाई कामावर आली आणि पहिल्याच दिवशी ऑफिसात सगळ्यांची पंचाईत झाली. काय बोलायचं, कितपत बोलायचं, हात धरायचा की नाही, याची जुळवाजुळव लोक घरूनच करून आले होते. ही मात्र कोट खुंटीला लावून जागेवर बसली, प्रिंटरमध्ये कागद का नाहीत म्हणून विचारलं आणि कामाला लागली. दुपारपर्यंत जो तो आणलेलं सांत्वन तसंच परत घेऊन गेला.

आकडेबाई हे नाव खात्यातल्या एका जुन्या शिपायाने ठेवलेलं. वीस वर्षांत ते असं चिकटलं की पगारपत्रकातलं नाव वाचलं तर ती स्वतःच क्षणभर अडायची. दंत-आरोग्य खात्यात ती संख्याशास्त्रज्ञ होती. तिने आजवर कुणाचा दात जवळून पाहिला नव्हता. दातांचे आकडे मात्र लाखांनी पाहिले होते. नवरा त्याच खात्यात दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांची तोंडं उघडून पाहायचा, आणि त्याने पाहिलेलं हिच्या टेबलावर आकडे होऊन यायचं. घरी मात्र दोघं दातांचं बोलत नसत.

जानेवारीपासून एप्रिलपर्यंत तो शहरातल्या हिरड्यांच्या पाहणीवर होता. नऊ एप्रिलला संध्याकाळी स्वयंपाकघरात त्याच्या डाव्या हातातून कप निसटला, तेव्हा तो म्हणाला, "हाताला जरा मुंग्या येतायत." मग मेंदूचा फोटो काढला, त्यात गाठ दिसली, मग मोठ्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला तो गेला. सगळं इतक्या भराभर झालं की आकडेबाईला त्यात बसायला जागाच मिळाली नाही. रडू येत नव्हतं, असं नाही. काहीच येत नव्हतं. दाढ काढण्याआधी सुई दिली की आपलाच गाल आपल्याला परका वाटतो, तसं तिचं आतून झालं होतं. जेवायची वेळ झाली की ती जेवायची. घरात सासू होती, अठ्ठ्याहत्तरची. दोघी समोरासमोर बसून जेवायच्या आणि ताटं धुऊन आपापल्या खोलीत जायच्या.

पाहणीचं काम अर्धवट पडून होतं, ते तिने हातात घेतलं. शहरातल्या चोवीसशे मोठ्या माणसांच्या हिरड्या तीन डॉक्टरांनी तपासल्या होत्या. पद्धत सोपी होती. तोंडाचे सहा भाग पाडायचे, वर तीन, खाली तीन. प्रत्येक भागाला शून्यापासून चारपर्यंत आकडा द्यायचा. शून्य म्हणजे हिरडी निरोगी. चार म्हणजे दाताभोवती इतकी खोल फट पडलेली की दात आज ना उद्या हलणार. आणि तपासताच आलं नाही तर नऊ. नऊ हा आकडा नव्हताच खरं तर, ती एक रिकामी जागा होती. यावरून शहरात किती जणांच्या हिरड्या गेलेल्या आहेत ते निघणार होतं, आणि त्यावरून पुढच्या वर्षी कोणत्या भागात दवाखाना उघडायचा ते ठरणार होतं.

आकडेबाईची सवय अशी की ती आधी भरलेले आकडे पाहतच नसे. आधी रिकाम्या जागा पाहायची. कुठे आहेत, कुणाच्या आहेत, कधीपासून आहेत. बाजारात भाजी घेताना बायका जुडी उलटी करून देठ बघतात, तसं. त्या बुधवारी तिने तारखेवार नऊ मोजले. पहिल्या डॉक्टरचे तुरळक, दुसऱ्याचेही तुरळक. तिसऱ्याचे बारा जानेवारीपर्यंत नव्हतेच. बारा जानेवारीपासून रोज चार, पाच, सहा. आणि सगळे एकाच जागी: वरच्या मागच्या दाढा, दोन्ही बाजूंच्या.

तिसरा डॉक्टर म्हणजे तिचा नवरा.

वरच्या मागच्या दाढा सरळ दिसत नाहीत. डाव्या हातात छोटा आरसा धरायचा, त्यानेच गाल बाजूला करायचा, आरशात बघत उजव्या हाताने बारीक सळई हिरडीत घालायची. एवढं तिला ऐकून माहीत होतं. तिने खुर्ची मागे सरकवली. बारा जानेवारी. कप पडला नऊ एप्रिलला. मधले दिवस तिने मोजले. मोजणं तिच्या हातातलं होतं. सत्त्याऐंशी.

पण गोष्ट तिथे संपली नाही. सत्तावीस जानेवारीपासून नऊ एकदम बंद झाले होते, एकही नाही. त्यांच्या जागी शून्यं आली होती. वरच्या मागच्या दाढा शून्य, आणि त्याच माणसाच्या, त्याच बाजूच्या खालच्या दाढा तीन किंवा चार. असं तोंड असूच शकत नाही, असं नाही. बाकीच्या दोन डॉक्टरांच्या कागदांत असं शंभरात दोघातिघांचं होतं. तिसऱ्याच्या कागदांत शंभरात एकोणसाठ जणांचं. कुणीतरी रिकाम्या जागेत निरोगी हिरड्या भरल्या होत्या.

सत्तावीस जानेवारीच्या आधी काय झालं होतं, ते शोधायला तिला फार लांब जावं लागलं नाही. पंचवीस तारखेचं, आठवड्याच्या नुसत्या बेरजेवरून काढलेलं एक परिपत्रक फाइलमध्ये होतं. 'नऊचं प्रमाण वाढत आहे. यापुढे प्रत्येक नऊपुढे लेखी कारण द्यावे.' खाली सही तिचीच होती.

नवऱ्याच्या शेजारी बसून आकडे उतरवून घेणारी कारकून एक होती, तिला सगळे पेन्सिलताई म्हणत, कारण केसांच्या बुचड्यात कायम एक पेन्सिल खोचलेली असे. वयाने चाळिशीची, बोलायला फटकळ, पण आकडेबाई कामावर आल्यापासून, तिला जिन्यात पाहिलं तरी वाट बदलत होती. आकडेबाईने तिला खोलीत बोलावलं, दार लावलं आणि पडदा तिच्याकडे फिरवला. काही समजावून सांगावं लागलं नाही. पेन्सिलताई खाली बसली.

तिने सांगितलं ते असं. जानेवारीत सरांना आरसा धरवेना. आधी ते म्हणाले थंडी आहे. मग म्हणाले खांदा धरलाय. गाल सुटायचा, आरसा दातावर आपटायचा, माणसं दचकायची. म्हणून ते मागच्या दाढा सोडायला लागले. आठवड्याभरात बरं वाटेल, मग राहिलेल्यांना पुन्हा बोलावू, असं म्हणायचे. रोज म्हणायचे. मग परिपत्रक आलं.

"कारण काय लिहिणार होते मी?" पेन्सिलताई म्हणाली. "डॉक्टरांचा हात चालत नाही, असं लिहून तुमच्याच टेबलावर पाठवू? सही करून सर निघून जायचे. मी मागे थांबून शून्य भरायचे."

"त्याला माहीत होतं?"

"नाही."

ते खरं की खोटं, हे आकडेबाईला कळलं नाही, आणि तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही. पेन्सिलताईला वाटलं होतं आता आपली नोकरी जाणार. ती तशी तयारीनेच बसली होती. आकडेबाईने एवढंच विचारलं की खरी शून्यं कोणती आणि भरलेली कोणती, हे सांगता येईल का. तीनशे अठरा माणसं होती. पेन्सिलताई म्हणाली, पाठ कसं असेल, पण कागद बघितले तर सांगता येईल. सर आकडा बोलायचे तेव्हा ती पेन्सिलने लिहायची. मागाहून भरली ती सगळी पेनाने. संगणकात दोन्ही शून्यं सारखीच चढली होती.

तळघरातल्या खोलीत कागदांचे गठ्ठे होते. तिथे एक लांब टेबल, वर एक दिवा, भिंतीला पाण्याचे डाग. दोघी सहा दिवस तिथे बसल्या. पेन्सिलताई कागद उचलायची, दिव्याखाली तिरका धरायची आणि "पेन" किंवा "पेन्सिल" एवढंच म्हणायची. आकडेबाई तेवढं टिपून घ्यायची. पेनाचं शून्य खोडून पुन्हा नऊ. प्रत्येक कागदाच्या तळाशी नवऱ्याची सही होती. जानेवारीतली सही आणि मार्चमधली सही सारखीच होती. उजव्या हाताला तोवर काही झालं नव्हतं. आकडेबाईने सह्या पाहिल्या. छातीत काही होतंय का, याची तिने वाट पाहिली. मग पुढचा कागद मागितला.

चौथ्या दिवशी पेन्सिलताई मधेच म्हणाली की सर फार हसवायचे लोकांना. मोठा आ करा, जांभई फुकट आहे, म्हणायचे. आकडेबाई म्हणाली, "घरी नाही हसवायचा." आणि दोघी पुन्हा कामाला लागल्या.

खात्याचे प्रमुख नवऱ्याचे वर्गमित्र. चारचौघांत ते आकडेबाईला मॅडम म्हणत, एकटे असले की वहिनी. ती कागद घेऊन गेली तेव्हा त्यांनी आधी दार लावून घेतलं. ऐकून झाल्यावर चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले की वहिनी, ही तीनशे अठरा माणसं पाहणीतून काढून टाकू. दोन हजार उरतात, पुष्कळ झाले. कुणी विचारणार नाही, आणि त्याचं नावही कुठे यायला नको.

आकडेबाईने सांगितलं की तसं करता येणार नाही. नवऱ्याकडे कारखान्यांमागची वस्ती होती. तिथली माणसं वयाने मोठी, सिगारेट ओढणारी, रात्रपाळीची. शहरातल्या सगळ्यात वाईट हिरड्या तिथेच. ती काढली की शहर कागदावर बरं होईल आणि दवाखाना दुसरीकडेच उघडेल. शून्यं ठेवली तर त्याहून वाईट. त्या जागा मोकळ्याच ठेवून त्यांत काय असेल याचा अंदाज बांधायला हवा.

"अंदाज म्हणजे आपण मनाचेच आकडे घालायचे ना? मग पेन्सिलताईने काय वेगळं केलं?" प्रमुखांनी विचारलं. ते खोचून बोलत नव्हते. दात काढण्यात त्यांची हयात गेली होती, आकड्यांशी त्यांचं कधी जमलं नव्हतं.

आकडेबाईने त्यांच्या टेबलावरचा कोरा कागद ओढला. पेन्सिलताईने एकच आकडा भरला, तोही खात्रीचा असल्यासारखा. आपण माणसाच्या खालच्या दाढा बघायच्या, पुढचे दात बघायचे, वय, सिगारेट. अशाच तोंडांच्या वरच्या दाढा बाकीच्या डॉक्टरांना कशा मिळाल्या ते बघायचं, आणि त्यावरून जागा भरायची. पण एकदा नाही, वीसदा. दर वेळी थोडं वेगळं येईल, वीस पाहण्या तयार होतील, वीस उत्तरं निघतील. उत्तरं एकमेकांच्या जवळ आली तर आपल्याला बरंच माहीत आहे. लांब गेली तर तेवढं आपल्याला माहीत नाही, आणि तेही अहवालात लिहायचं.

प्रमुखांना हे पटलं. निदान त्यांनी मान हलवली. मग आकडेबाईने राहिलेली गोष्ट सांगितली. हे सगळं चालतं ते एका अटीवर. जागा कशामुळे रिकामी राहिली ते माहीत हवं. माणसाच्या हिरड्या दुखत होत्या म्हणून त्याने हात लावू दिला नाही, असं असेल तर रिकाम्या जागेतच रोग लपलेला असतो, आणि साधा अंदाज फसतो. पण इथे तोंडाचा काही संबंधच नव्हता. हात डॉक्टरचा गेला होता. हे लिहिलं तरच वाचणारा आपला अंदाज मान्य करील.

"म्हणजे त्याचा आजार छापायचा," प्रमुख म्हणाले.

"हो."

"वहिनी, तो लपवून काम करत राहिला, असा अर्थ होईल त्याचा."

"तसंच झालंय," ती म्हणाली.

प्रमुखांनी चष्मा घातला. शेवटी ठरलं ते असं की नाव घालायचं नाही, 'परीक्षक क्रमांक तीन' एवढंच म्हणायचं. आणि त्या तीनशे अठरांपैकी साठ जणांना चिठ्ठ्या टाकून निवडायचं, पुन्हा बोलावायचं, म्हणजे अंदाज खरा की खोटा ते कळेल. पेन्सिलताईची चौकशी लावायची का, हा विषय प्रमुखांनी काढला. आकडेबाई म्हणाली की मग परिपत्रकावर सही कुणाची होती तीही चौकशी लावा. विषय तिथेच मिटला.

फेरतपासणीसाठी कारखान्यांमागच्या शाळेतली एक खोली मिळाली. नवी डॉक्टर पोरसवदा होती, नुकतीच खात्यात आलेली, पण हात स्थिर. आरसा, सळई, डोक्यावर दिवा. पेन्सिलताई शेजारी लिहायला. आकडेबाईचं तिथे खरं काम नव्हतं. ती दाराशी टेबल टाकून आलेल्यांची नावं यादीत लावत बसली. साठांतले एकोणपन्नास आले. दोन वारले होते, काही गाव सोडून गेले होते, एकाने निरोप पाठवला की एकदा तोंड उघडलं तेवढं पुरे.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक शिंपीणबाई आली. पन्नाशीची, गळ्यात माप घ्यायची फीत तशीच, म्हणजे काम टाकून आलेली. ती खुर्चीत बसली, नव्या डॉक्टरने आरसा आत घातला आणि आकडे बोलायला सुरुवात केली. वर उजवीकडे मागे, चार. पेन्सिलताईने चार लिहिला. वर डावीकडे मागे, चार. दोन दाढा हलत होत्या. तिसरी आधीच गेली होती, उन्हाळ्यात, आपोआप.

शिंपीणबाईने चूळ भरली आणि पर्समधून घडी घातलेली एक चिठ्ठी काढली. मार्चमधली, तपासणीनंतर प्रत्येकाला टपालाने जायची तशी. त्यावर लिहिलं होतं की वरच्या हिरड्या निरोगी आहेत. ती तक्रार करत नव्हती, तिला फक्त उलगडा होत नव्हता.

"आणि मागच्या डॉक्टरांचा हात किती हलका होता," ती म्हणाली. "वर तर काही लागलंसुद्धा नाही मला."

नवी डॉक्टर पेन्सिलताईकडे बघायला लागली. पेन्सिलताई कागदाकडे. आकडेबाई दारापासून उठली, खुर्चीजवळ आली.

"लागलं नाही, कारण त्यांनी तिथे तपासलंच नव्हतं," ती म्हणाली. "त्यांचा हात चालत नव्हता. चिठ्ठीत लिहिलंय ते चुकीचं आहे. चूक आमची."

शिंपीणबाईने चिठ्ठी उलटीसुलटी केली. "मग तेव्हाच सांगायचं. मी दुसरीकडे दाखवलं असतं."

"हो."

"आता कुठे असतात ते?"

"वारले. माझे मिस्टर होते."

आता ही बाई काहीतरी बोलेल, असं आकडेबाईला वाटलं. लोक बोलतात तसं.  शिंपीणबाईने जिभेने वरची दाढ चाचपली आणि विचारलं, "मग या दोन राहतील का?"

नवी डॉक्टर म्हणाली, एक राहील बहुतेक, लगेच उपचार घेतले तर. दुसरीचं सांगता येत नाही. आकडेबाईने तिथूनच दवाखान्यात फोन करून गुरुवारची वेळ घेतली, कागदावर लिहून दिली. शिंपीणबाईने तो कागद जुन्या चिठ्ठीबरोबरच घडी घालून ठेवला आणि ती गेली. त्या दिवशी आकडेबाईने आणखी अकरा जणांना तेच सांगितलं, त्याच शब्दांत. सातव्या माणसाने तिला दोन शब्द सुनावले. बरं वाटलं, असं नाही. पण निदान काहीतरी लागलं.

तपासणीतून निघालेले आकडे तिने अंदाजाशेजारी मांडले. शून्यं धरली असती तर त्या वस्तीतले चारवाले शंभरात सतरा निघत होते. वीस वेळा भरून आलेलं उत्तर होतं पंचवीस, एखाददुसरा इकडेतिकडे. एकोणपन्नास तोंडांवरून निघत होतं सव्वीस. दवाखाना कारखान्यांमागे उघडायचं ठरलं. राहिलेल्या सगळ्यांना पत्रं गेली की पाहणीची चिठ्ठी ग्राह्य धरू नका, तपासणीला या. आणि पाहणीच्या फॉर्ममध्ये नऊच्या शेजारी एक बारीक रकाना वाढवला, कारणाचा, नुसता आकडा टाकायचा. एक म्हणजे माणसाने नकार दिला, दोन म्हणजे तोंड उघडत नाही, असं करत यादी झाली. पाच नंबरला काय घालायचं यावर बैठक अडली, तेव्हा पेन्सिलताई म्हणाली, "डॉक्टरांना जमलं नाही, असं घाला. सरळ." तसं घातलं गेलं.

छापायला जाण्याआधी अहवालाची प्रत आकडेबाईने घरी आणली. रविवारी सकाळी ती जेवणाच्या टेबलावर वाचत होती. सासू समोर चहात बिस्किट बुडवून बसली होती. आपल्या लेकाविषयी काही छापून येणार हे तिला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, असं आकडेबाईला वाटलं. म्हणून तिने ते वाक्य वाचून दाखवलं. परीक्षक क्रमांक तीन यांच्या डाव्या हाताच्या आजारामुळे बारा जानेवारीपासून वरच्या मागच्या दाढांची तपासणी होऊ शकली नाही. मग साध्या भाषेत सांगितलं की आई, एप्रिलच्या आधीपासून होतं ते. जानेवारीपासून.

सासूने बशी पुढे ओढली. "डिसेंबरपासून," ती म्हणाली.

आकडेबाईने प्रत खाली ठेवली.

"शर्टाची बटणं मी लावून द्यायचे. तू सातला निघायचीस, तो आठला. बुटाच्या नाड्यापण मीच बांधायचे. तुला सांगू नकोस म्हणाला."

"का?"

सासूने बिस्किटाचा गळून पडलेला तुकडा चमच्याने शोधला. तिला वेळ लागला. "त्याला अंदाज आला होता. म्हणाला, तिला सांगितलं की ती टक्केवारी काढील. शंभरात किती जगतात, किती महिने. आणि मग मला तिच्या तोंडाकडे बघवणार नाही. चार दिवस असेच जाऊ देत, म्हणाला."

आकडेबाई उठली आणि आपल्या खोलीत गेली. तो चुकीचं बोलला नव्हता. एप्रिलमध्ये निदान झालं त्याच दिवशी तिने खरंच टक्केवारी काढली होती, दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून, तो गाडी बोलवायला गेला होता तेवढ्या वेळात. कुणाला सांगितली नव्हती. पण त्याने तोंडाकडे पाहिलं असणार.

मग पहिल्यांदा तिला राग आला. खूप नाही, पण ओळखू येईल इतका. पेन्सिलताईला माहीत होतं, सासूला माहीत होतं. घरातून ऑफिसात आणि ऑफिसातून घरात हीच एकटी येड्यासारखी फिरत होती. तिने सासूशी बोलणं टाकलं. भांडण नाही, आदळआपट नाही. ताट वाढायचं, पाणी ठेवायचं, आपलं आपण जेवायचं. सासूनेही समजूत काढली नाही. असे चार दिवस गेले.

अबोला धरला की माणूस दुसऱ्याकडे जरा जास्तच बघतो. पाचव्या दिवशी सुट्टी होती, दुपारी जेवताना आकडेबाईच्या लक्षात आलं की सासू घास चावत नाही. जिभेने टाळूला दाबते आणि गिळते. ताटात भात आणि उकडलेला बटाटा, दोन्ही कुस्करलेले. बाकीचं कडेला सरकवलेलं. गाल आत गेले होते. खालची कवळी तोंडात नव्हतीच.

"कवळी कुठंय?" चार दिवसांतला तो पहिला शब्द.

"टोचते."

"कधीपासून?"

सासूने आठवलं. "टोचेल तिथे तो घासून द्यायचा दर महिन्याला, मी धरायचे. मेपासून नाही दिली कुणी."

मे ते नोव्हेंबर. आकडेबाईने महिने मोजले नाहीत. ताट बाजूला केलं. सासूला विचारलं की आत्ता येता का, खात्याचा दवाखाना सहापर्यंत उघडा असतो. सासू म्हणाली, ताटं तर आवरू देत. ताटं आवरली. सासूने बाथरूममधल्या वाटीतून कवळी आणली आणि रुमालात गुंडाळली. जिना उतरताना आकडेबाईने तिचा दंड धरला. तो फार बारीक झाला होता.

दवाखान्यात चार माणसं आधी होती. दोघी बाकावर बसल्या. समोर भिंतीवर दात कसे घासावेत याचं चित्र होतं. सासू ते मन लावून वाचत होती.

"तुमच्यावर रागावलेय मी," आकडेबाई म्हणाली.

"माहितीय," सासू म्हणाली. "त्याच्यावरपण रागव. मी रागावते."

नंबर आला. नव्या डॉक्टरने हिरडी पाहिली, एका जागी लाल झालेली होती. तिने कवळीवर पेन्सिलने खूण केली, आतल्या खोलीत नेऊन घासून आणली, बसवून पाहिली, पुन्हा नेली. तिसऱ्या खेपेला सासूने तोंड मिटलं, दात दातावर टेकवले, डावीकडे चावून पाहिलं, मग उजवीकडे.

"बसली," ती म्हणाली.

आठवड्याने परत या, असं नव्या डॉक्टरने सांगितलं आणि वहीत वेळ लिहिली. बाहेर अजून उजेड होता. कोपऱ्यावरच्या दुकानातून आकडेबाईने सफरचंदं घेतली, सवयीने तीन.